उंदराचे चार दात, मॉसचे सोळा

किस्से कुणी गोळा करत नाही. रानातून फिरून आलं की पँटला कुसळं चिकटलेली असतात ना, तसे ते चिकटतात. घरी येऊन निवांत बसलं की एकेक टोचायला लागतं. आमच्या ऑफिसची तर इतकी कुसळं झाली आहेत की काढून बाजूला ठेवल्याशिवाय आता बसताच येत नाही!

ऑफिस म्हणजे जयपूरच्या प्रताप नगरमधला दोन खोल्यांचा फ्लॅट. माणसं तीन. सबनीस सर, सबनीस मॅडम आणि मी. सर सरकारी शेती खात्यातून रिटायर झालेले, मॅडम कॉलेजात बॉटनी शिकवायच्या. मूळचे साताऱ्याचे, बदलीवर इकडे आले आणि इथलेच झाले. मी सुमेध. माझे पप्पा रेल्वेत. बडनेऱ्याहून त्यांची बदली झाली तेव्हा मी चौथीत होतो. दहावीत शाळा सोडली. मला चारचौघांत बोलता येत नाही, हे त्यातलं एक कारण. बाकीची कारणं गणितात होती.

सरांचा एक उंदीर आहे आणि मॅडमची एक मॉस आहे. दोन्ही संपत आलेली. उंदीर दगडांच्या फटीत राहतो, अंगाने मऊ, शेपटीच्या टोकाला केसांचा झुपका. मॉस म्हणजे ओल्या भिंतीवर येणारी ती हिरवी मखमल. आपण मराठीत ओल्या, हिरव्या आणि घसरड्या सगळ्यालाच शेवाळ म्हणतो, पण मॅडमसमोर म्हणून बघा!

दोन्ही एकाच भिंतीत सापडतात. जयपूरच्या बाहेर कानोता गाव आहे, त्याच्याजवळ एका ठाकूरसाहेबांचं शेत आहे, तिथे जुना दगडी हौद आहे. हौदाच्या भिंतीचं एक टोक झिरपतं, तिथे मॉस. दुसरं टोक कोरडं, तिथल्या फटींत उंदीर. सर आणि मॅडम अकरा वर्षं आजूबाजूला शोधतायत, पण दोघांचीही एवढी चांगली वस्ती त्यांना दुसरीकडे मिळालेली नाही.

आणि यंदा पावसाळा संपता संपता ठाकूरसाहेबांनी सांगितलं, भिंत सिमेंटने बुजवायची! एका टोकाच्या पाण्याने चिखल होतो, ट्रॅक्टर रुततो. दुसऱ्या टोकाचे चूहे कोठारात शिरतात, असा त्यांचा संशय. सरांनी हात जोडले, मॅडमनी हात जोडले. ठाकूरसाहेब, सगळं गाव ज्यांना मानाने 'हुकम' म्हणतं, भले माणूस. म्हणाले, "ठीक है. एक सिरा छोड़ दूँगा. पर एक ही. कीचड़ सह लूँगा या चूहे सह लूँगा. कौन सा, दिवाली से पहले आप मियाँ-बीवी तय कर लो."

आता काय तय करणार!

*

आधी माझ्या नोकरीचा किस्सा सांगतो. इंटरव्ह्यूला सरांनी विचारलं, "उंदराला घाबरतोस?"

मी मान हलवली. नाही.

मॅडमनी विचारलं, "एका जागी तासभर गप्प बसता येतं?"

मी काहीच बोललो नाही. काय बोलावं ते सुचत नव्हतं, म्हणून. मॅडम बघत राहिल्या. सर बघत राहिले. पंखा फिरत राहिला. पाचेक मिनिटं झाली असतील. सरांनी घसा खाकरला, तरी मी गप्प.

मॅडम म्हणाल्या, "घ्या याला. हा माझा!"

"अगं, थांब! अजून उंदराचा पेपर व्हायचाय!"

तेव्हापासून मी सोमवार ते बुधवार उंदराकडे असतो आणि गुरुवार ते शनिवार मॉसकडे. रविवारी दोघं मला फोन करून विचारतात, की दुसरीकडे काय चाललंय.

*

सरांनी नोकरीत तीस वर्षं उंदीर मारले. म्हणजे शेतकऱ्यांना मारायला शिकवले. गावोगावी जाऊन विषाच्या गोळ्या कुठे ठेवायच्या त्याचं ट्रेनिंग द्यायचे. कानोत्यात अजूनही एक म्हातारे बाबा त्यांना बघितलं की लांबूनच ओरडतात, "आ गए चूहामार साहब!"

एकदा मी धीर करून विचारलं, "सर, मग आता वाचवायचं कसं काय मनात आलं?"

सर चष्मा पुसत म्हणाले, "अरे, तीस वर्षं त्यांच्या मागावर होतो. एवढी ओळख दुसऱ्या कुणाशी झालीच नाही."

पिंजऱ्यात ठेवायला सर स्वतः पहाटे उठून लाडू वळतात. शेंगदाण्याचा कूट, बाजरीचं पीठ, किंचित गूळ. वळून झाला की एक स्वतः खाऊन बघतात. "आपल्याला जे चालणार नाही ते पाहुण्याला का द्यायचं?" उंदीर पिंजऱ्यात आला की वजन करायचं, पाठीवरचे चार केस कातरून खूण करायची आणि सोडून द्यायचं.

एका आठवड्यात सात पिंजऱ्यांत मिळून सात उंदीर आले. सर इतके खूश, की कागद घेऊन मॅडमना दाखवायला गेले. मॅडमनी कागद वाचला. मग माझ्याकडे बघितलं. मला खोटं बोलता येत नाही, हे त्यांना माहीत आहे.

"सुमेध, सातांपैकी आधीपासून खूण असलेले किती?"

"सहा, मॅडम."

"सहाही एकच का?"

मी जमिनीकडे बघितलं. एकच होता. तो रोज लाडू खायला यायचा! पिंजऱ्याचं दार पडलं तरी त्याला काही वाटायचं नाही. खाऊन झालं की झोपायचा.

"म्हणजे अहो, तुमच्याकडे उंदीर दोन आहेत, आणि त्यातला एक मेसचा मेंबर!"

सर उसळले. "आणि तुझं काय? ती भिंतीवर पसरलेली एक आहे की दहा हजार? मोजून सांग की!"

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "मला मोजावी लागत नाही. सकाळी असते तिथेच संध्याकाळी असते. खात्रीची आहे."

*

गणेशोत्सवात इथल्या मराठी मंडळाने आम्हाला दोन टेबलं दिली. एकावर उंदराचे फोटो, एकावर मॉस. प्रत्येकाने आपलं टेबल सजवलं. सरांनी वर बोर्ड लावला, 'धोक्यात आलेला उंदीर'. गणपतीच्या मांडवात उंदराला मान मिळणारच, असा त्यांचा हिशोब.

गर्दी झालीच. पण प्रत्येक जण आपल्या घरातलीच तक्रार घेऊन आलेला. मिक्सरची वायर कुरतडली, सोफा कुरतडला. विद्याधर नगरच्या एका काकूंनी बोर्ड दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "धोक्यात? अहो सबनीस, आमच्याकडे या आणि लागतील तेवढे घेऊन जा! पिशवी आमची!"

मॅडमच्या टेबलाकडे कुणी नाही. मॅडमनी मला खूण केली. बशीत वाळलेली मॉस होती, तपकिरी, कुस्करलेल्या पाल्यासारखी. आठ महिने लिफाफ्यात पडून होती. मॅडमनी तिच्यावर चार थेंब पाणी टाकलं. बघता बघता ती हलली, पानं उघडली आणि हिरवी झाली!

उंदराकडची सगळी गर्दी इकडे वळली. मोबाइल निघाले. लोक म्हणाले, "परत करा, परत करा." त्या काकू तर अगदी पुढे येऊन वाकून बघत होत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलंय, असं मला वाटलं. मॅडमनाही तसंच वाटलं असणार, कारण त्या हळू आवाजात म्हणाल्या, "विचारा ना, काय विचारायचंय?"

काकू म्हणाल्या, "याची भाजी करतात की कोशिंबीर?"

*

एकदा कॉलेजच्या पोरांचा एक ग्रुप कानोत्याला सफाई करायला आला. तिथल्या धरणावर पिकनिकला आलेले लोक कचरा टाकून जातात, तो उचलायला. पोरं चांगली होती. कचरा संपला तरी उत्साह संपला नव्हता. ठाकूरसाहेबांच्या शेतावर पाणी प्यायला आली, भिंतीचं हिरवं टोक बघितलं आणि म्हणाली, "अरे, कितनी काई जमी है! चलो, ये भी साफ कर देते हैं!"

तारेचे ब्रश निघाले.

मी तिथेच होतो. ओरडायला पाहिजे होतं. तोंड उघडलं, आवाज आला नाही. मी मॅडमना फोन लावला आणि फोनवरही बोललो नाही, पण मी फोन करून बोलत नाही म्हणजे काहीतरी मोठं झालं असणार, हे त्यांना कळलं. त्या हौदाच्या पलीकडेच होत्या. पासष्ट वर्षांची बाई अशी धावलेली मी पहिल्यांदा बघितली. त्या सरळ भिंतीला पाठ लावून, दोन्ही हात पसरून उभ्या राहिल्या.

"पहले मुझे घिसो!"

पोरं इतकी घाबरली की ब्रश तिथेच टाकून गेली. मॅडम भिंतीपासून बाजूला झाल्या तर निळ्या साडीच्या पाठीला मॉसचे हिरवे तुकडे चिकटलेले. तेवढ्यात सर पोचले. आता हे काहीतरी टोमणा मारणार, असं मला वाटलं. सरांनी खिशातून चिमटा काढला, उंदराच्या गोचिडी काढायचा, आणि म्हणाले, "हलू नकोस. तुझ्या पाठीवर वस्ती आहे."

पाऊण तास ते एकेक तुकडा उचलून लिफाफ्यात ठेवत होते. मॅडम भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या, पण हसत होत्या, हे मागून खांद्यांवरून कळत होतं.

*

दिवाळी जवळ आली. ठाकूरसाहेब म्हणाले, मला तोंडी काही सांगू नका, तोंडी ऐकून डोकं दुखतं. कागद द्या. आणि त्यांनी स्वतःच फॉर्म पाठवला.

आता हे ठाकूरसाहेब जनावरांच्या मेळ्यात जज असतात. बैलांना नंबर देतात. त्यामुळे फॉर्मही बैलांचाच! नाव, रंग, दात, चाल, स्वभाव, खुराक, आजार, मालक. आणि खाली नंबराचा चौकोन. त्यांनी पूर्ण गठ्ठाच पाठवला होता, चुकलं तर दुसरा भरा म्हणून.

सरांनी पाच मिनिटांत उंदराचा फॉर्म भरला, हिंदीत; इथे मी मराठीत सांगतो. दात: पुढचे चार, जन्मभर वाढतात. चाल: चपळ. स्वभाव: मनमिळाऊ. खुराक: शेंगदाण्याचा लाडू. मग ते खुर्चीत मागे रेलून मॅडमकडे बघत बसले. "भरा, भरा. दात भरा मॉसचे!"

मॅडमनी एक शब्द न बोलता लिहिलं, 'सोळा'.

"काय सोळा?"

"दात."

"मॉसला दात?"

मॅडमनी मायक्रोस्कोप पुढे सरकवला. मॉसला काडीसारखा देठ येतो, त्याच्या टोकाला इवलासा गडू असतो. गडूच्या तोंडाला दात असतात. खरंच असतात! सरांनी मोजले. मग मला मोजायला लावले. सोळा.

"तुमच्या उंदराला पुढे चार," मॅडम म्हणाल्या. "पुढचा रकाना सांगा."

"चाल!" सर गरजले. "चाल काय लिहिणार?"

मॅडमनी लिहिलं, 'ठाम'.

"स्वभाव?"

'आजवर कुणाला चावली नाही.'

सरांनी जुनी पट्टी बांधलेलं आपलं बोट खिशात लपवलं.

मालकाचा रकाना मात्र दोघांनी कोरा सोडला. तिथे काय लिहायचं ते दोघांनाही सुचलं नाही.

*

त्यानंतर दोन दिवसांनी सर मला स्कूटरवर घेऊन निघाले आणि कानोत्याच्या रस्त्यावर चहाच्या टपरीशी थांबले. चहा आला. मग म्हणाले, "सुमेध, मी ठाकूरसाहेबांना मॉसचं टोक ठेवा म्हणणार आहे."

मी चहाचा ग्लास खाली ठेवला.

"उंदराला पाय आहेत रे. जाईल कुठेतरी. मॉस कुठे जाणार? आणि ही अकरा वर्षं त्या भिंतीसमोर स्टूल टाकून बसलीय. ते स्टूल परत आणायला मी काही जाणार नाही. तुलाच जावं लागेल. म्हणून सांगतोय. हिला बोलू नकोस."

त्याच दिवशी दुपारी सर आत झोपले होते. मी लिफाफ्यांवर तारखा टाकत होतो. मॅडमनी दार ओढून घेतलं.

"सुमेध, उंदराचं टोक ठेवायला सांगणार आहे मी. मॉसचं काय, वाळली तरी जीव धरून असते. बघू, दुसरी ओली जागा शोधू. पण उंदीर गेले तर हा माणूस पहाटे उठून लाडू कुणासाठी वळणार? यांना सांगू नकोस हं."

मी कुणालाच काही सांगितलं नाही. माझ्यासारख्याला सगळे गुपितं सांगतात. कपाटात ठेवल्यासारखी राहतात म्हणून. पण त्या रात्री मम्मीने विचारलं, "जेवत का नाहीस?" आणि मला खरंच सांगता आलं नाही, की दोनातलं एक जाणार आहे आणि दोघंही आपलंच द्यायला निघालेत.

*

ठरलेल्या दिवशी आम्ही तिघं ठाकूरसाहेबांच्या ओसरीवर. फाटकातून रामधन मिस्त्री सिमेंटने भरलेली ट्रॅक्टर-ट्रॉली आत आणवत होता. ठाकूरसाहेबांनी दोन्ही फॉर्म वाचले. दातांपाशी थांबले, मान डोलावली आणि म्हणाले, "बोलिए. कौन सा सिरा?"

"काई का!" सर म्हणाले.

"चूहे का!" मॅडम म्हणाल्या.

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. आणि जे सुरू झालं!

"अगं, उंदराला पाय आहेत!"

"पाय आहेत, पण जाणार कुठे? तुम्हीच सांगत होता ना, दुसरीकडे असल्या फटी नाहीत!"

"आणि तूच सांगत होतीस ना, की दुसरी मॉस अशी उगवायला किती वर्षं लागतात! सोळा दात आहेत तिला, सोळा!"

"माझ्या मॉसचे दात मला सांगू नका! उंदराचा जीव आहे हो, डोळे आहेत त्याला!"

"डोळे आहेत म्हणून वाचवायचं? अकरा वर्षं याच गोष्टीवरून भांडलीस माझ्याशी!"

भांडण तेच. आवाज तेच. फक्त बाजू बदललेल्या. ठाकूरसाहेबांना मराठी येत नाही, पण एवढं त्यांना कळलं. ते एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होते. शेवटी कानांवर हात ठेवून म्हणाले, "बस! बस! मैंने बैलों में ऐसी लड़ाई नहीं देखी!"

मग माझ्याकडे वळले. "तू ही दोनों को नापता है ना? तू बता. कौन सा?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. सर, मॅडम, रामधन, ट्रॉलीचा ड्रायव्हरसुद्धा.  बोलणं काही जमणार नव्हतं. आम्ही बरोबर आणलेल्या गठ्ठ्यातला एक कोरा फॉर्म समोर पडला होता. मी तो ओढला आणि लिहायला लागलो. मोठ्या अक्षरात, हिंदीत. भरून झाल्यावर फॉर्म त्यांच्यापुढे सरकवला आणि खाली बघत बसलो.

ठाकूरसाहेबांनी चष्मा चढवला आणि मोठ्याने वाचायला लागले. मेळ्यात वाचतात तसं.

"नाम: दीवार." ते थांबले. "दीवार?"

सरांनी वाकून कागदात बघितलं.

"रंग: एक तरफ हरा, एक तरफ भूरा. दाँत: मिलाकर बीस." त्यांच्या मिशा जरा हलल्या. "चाल: आपके दादाजी के जमाने से यहीं है. स्वभाव: दोनों को पालती है. खुराक: थोड़ा पानी."

मॅडमनी सरांचा हात धरला होता. कधी धरला ते मला दिसलं नाही.

"बीमारी: आज तक कोई नहीं. कल से सीमेंट."

ट्रॅक्टरचं इंजिन बंद झालं.  एकच रकाना उरला होता, जो सर-मॅडमनी कोरा सोडला होता. ठाकूरसाहेबांनी तो मनातल्या मनात वाचला. मग मोठ्याने वाचला.

"मालिक: आप, हुकम."

त्यांनी कागद मांडीवर ठेवला. मग खिशातून पेन काढलं, खालच्या चौकोनात मोठा एकचा आकडा काढला आणि त्याच्याभोवती गोल केला.

"बरसों से दूसरों के बैलों को पहला नंबर दे रहा हूँ," ते म्हणाले. "आज पहली बार घर का आया है!"

आणि फाटकाकडे बघून ओरडले, "रामधन! ट्रॉली मोड़ ले!"